ऑनलाइन बुद्धिबळ : फसवणुकीत गेलेले गुण परत कसे मिळतात?

जेऊर (जि. सोलापूर) : करमाळा तालुक्यातील जेऊर हे मध्य रेल्वेच्या दौंड-सोलापूर मार्गावरील, कुर्डुवाडीच्या अलीकडचे स्थानक. अशा गावातील मुलाला बुद्धिबळाची मोठी स्पर्धा खेळायची असेल, तर सहसा सोलापूरची किंवा पुण्याची वाट धरावी लागते. प्रवासाचा खर्च, प्रवेश शुल्क, सोबत येणाऱ्या पालकाचा बुडालेला रोजगार आणि शाळेची रजा असा सगळा हिशेब जमला, तरच वर्षाकाठी दोन-चार स्पर्धा पदरात पडतात. एरवी गावात तोडीचा खेळाडू नसेल, तर खेळ तिथेच थांबण्याची भीती असते.

इंटरनेटने ही अडचण बऱ्याच अंशी दूर केली. हातातील मोबाइलवर रात्री दहा वाजताही ब्राझीलचा किंवा पोलंडचा प्रतिस्पर्धी मिळू लागला. प्रत्येक डावानंतर नावापुढे एक आकडा वरखाली होऊ लागला. हा आकडा म्हणजे गुणांकन, अर्थात रेटिंग. ज्याला प्रशिक्षक नाही, मंडळ नाही, आठवड्याची स्पर्धा नाही, त्याच्यापाशी स्वतःची प्रगती मोजण्याचे हेच एक माप असते. त्यामुळे समोरचा खेळाडू स्वतःच्या बुद्धीने न खेळता संगणकाने सुचविलेल्या चाली खेळत असेल, तर नुकसान केवळ एका डावाचे होत नाही. मापच खोटे ठरते.

फसवणूक करणारा पकडला गेल्यास त्याच्याकडून हरलेल्यांना गमावलेले गुण परत देण्याची पद्धत प्रमुख संकेतस्थळांनी सुरू केली आहे. तिच्याविषयी खेळाडूंमध्ये मात्र बरेच गैरसमज आढळतात. गेलेले सर्व गुण परत मिळतील, असे काहींना वाटते. तर अर्ज केल्याशिवाय काहीच मिळत नाही, अशी इतरांची समजूत असते. प्रत्यक्षात ही परतफेड आपोआप होते, परंतु तिला वेळेची, संख्येची आणि रकमेची मर्यादा असते. या मर्यादा मनमानीने ठरविलेल्या नाहीत. गुणांकनाच्या गणितातूनच त्या निघतात.

गुणांकनाचे गणित

आज प्रचलित असलेल्या गुणांकनाचा पाया अर्पाद एलो या हंगेरीत जन्मलेल्या अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञाने घातला. त्यांची पद्धत अमेरिकेच्या बुद्धिबळ महासंघाने १९६० मध्ये आणि जागतिक बुद्धिबळ महासंघाने म्हणजे ‘फिडे’ने १९७० मध्ये स्वीकारली. दोन खेळाडूंच्या गुणांकनातील फरकावरून डावाचा अपेक्षित निकाल काढायचा आणि प्रत्यक्ष निकाल त्याहून जितका वेगळा, तितके गुण वाढवायचे किंवा घटवायचे, हे तिचे सूत्र आहे.

एका उदाहरणाने हे स्पष्ट होईल. एका डावात जास्तीत जास्त २० गुण पणाला लागतात, असे मानू. १६०० गुणांकनाचा खेळाडू १६०० गुणांकनाच्याच प्रतिस्पर्ध्याकडून हरला, तर त्याचे १० गुण जातात. प्रतिस्पर्धी १८०० चा असेल, तर हार बहुतांशी अपेक्षित असल्याने केवळ ५ च्या आसपास गुण जातात. प्रतिस्पर्धी १४०० चा असेल, तर मात्र सुमारे १५ गुणांचा फटका बसतो.

फसवणुकीचा खरा जाच येथेच कळतो. नवे खाते उघडून संगणकाच्या मदतीने खेळणाऱ्याचे गुणांकन आरंभी कमी असते. म्हणून त्याच्याशी सुरुवातीला खेळलेल्या प्रामाणिक खेळाडूंचे गुण सर्वांत जास्त कापले जातात. तो वर चढत जातो, तसे पुढच्या प्रतिस्पर्ध्यांचे नुकसान कमी होत जाते. त्याची शक्ती पहिल्या दिवशी आणि पाचव्या दिवशी सारखीच असते, पण आकडा तसे सांगत नसल्याने किंमत इतरांना मोजावी लागते.

दुसरे नुकसान सामूहिक आहे. दोघांच्या डावात एकाचे जेवढे गुण जातात, साधारण तेवढेच दुसऱ्याच्या खात्यात जमा होतात. फसवणूक करणारा अशा रीतीने शेकडो गुण गोळा करतो आणि त्याचे खाते बंद झाले, की ते सर्व गुण त्याच्याबरोबर चलनातून नाहीसे होतात. ही गळती सतत चालू राहिली, तर सर्वांचेच आकडे हळूहळू खाली सरकतात. म्हणून गुण परत देणे ही हरलेल्या खेळाडूवर केलेली मेहेरबानी नव्हे. संपूर्ण गुणांकन व्यवस्थेची ती गरज आहे.

ऑनलाइन संकेतस्थळे बहुधा मार्क ग्लिकमन या अमेरिकी संख्याशास्त्रज्ञाची ‘ग्लिको’ पद्धत किंवा तिची सुधारित आवृत्ती वापरतात. तिच्यात गुणांकनाबरोबरच त्या गुणांकनाची खात्री किती, हेही मोजले जाते. नव्या किंवा बऱ्याच काळाने परतलेल्या खेळाडूचा आकडा कच्चा मानला जातो आणि तो झपाट्याने बदलतो. नियमित खेळणाऱ्याचा आकडा संथपणे हलतो. परतफेडीच्या नियमांत या फरकाला महत्त्व आहे.

चोरी ओळखायची कशी?

१९९७ मध्ये ‘डीप ब्लू’ या महासंगणकाने तत्कालीन जगज्जेता गॅरी कास्पारोव्हला सहा डावांच्या लढतीत हरविले, तेव्हा त्या यंत्रासाठी अवाढव्य यंत्रणा उभारावी लागली होती. आज साध्या मोबाइलवर चालणारे ‘स्टॉकफिश’सारखे विनामूल्य इंजिन कोणत्याही मानवी खेळाडूपेक्षा सरस खेळते. मोह त्यामुळे घरोघरी पोहोचला आहे.

पटावरील बुद्धिबळही त्यापासून मुक्त नाही. २००६ मध्ये दिल्लीतील एका स्पर्धेत एका भारतीय खेळाडूच्या टोपीत ब्लूटूथ यंत्र सापडले आणि अखिल भारतीय बुद्धिबळ महासंघाने त्याच्यावर दहा वर्षांची बंदी घातली. २०१९ मध्ये फ्रान्समधील स्ट्रासबर्गच्या स्पर्धेत ग्रँडमास्टर इगोर्स राऊसिस स्वच्छतागृहात मोबाइल वापरताना आढळला. त्याच्यावर सहा वर्षांची बंदी आली आणि ग्रँडमास्टर किताबही काढून घेण्यात आला.

पटावर निदान झडती घेता येते. ऑनलाइन खेळात पुरावा चालींमध्येच शोधावा लागतो. खेळाडूच्या चाली इंजिनाच्या पहिल्या पसंतीशी किती जुळतात, अवघड स्थितीत त्याच्या चुका किती बारीक आहेत, सोप्या आणि कठीण चालींना तो सारखाच वेळ घेतो काय, अशा अनेक खुणा एकत्र पाहिल्या जातात. अमेरिकेतील बफेलो विद्यापीठाचे संगणकशास्त्रज्ञ केनेथ रेगन यांनी अशा सांख्यिकी तपासणीवर अनेक वर्षे काम केले असून त्यांच्या पद्धतीचा उपयोग ‘फिडे’लाही झाला आहे.

एखादा डाव अचूक खेळला गेला, एवढ्याने मात्र चोरी सिद्ध होत नाही. पाठ असलेल्या सुरुवातीच्या चाली, सक्तीची देवाणघेवाण आणि लवकर संपलेला डाव यांत सामान्य खेळाडूच्याही चाली इंजिनाशी जुळतात. म्हणून तपासणी अनेक डावांची करावी लागते आणि निर्णयाला काही काळ लागतो. परतफेडीचा प्रश्न या विलंबातूनच उद्भवतो.

परतफेडीचे नियम

थिबो द्युप्लेसी या फ्रेंच संगणकतज्ज्ञाने २०१० मध्ये सुरू केलेले ‘लिचेस’ हे संकेतस्थळ देणग्यांवर चालते आणि आपले नियम खुलेपणाने सांगते. एखाद्या खेळाडूवर फसवणुकीची खूण झाली, की एका मिनिटाने त्याचे मागील पाच दिवसांतील, जास्तीत जास्त ४० गुणांकित डाव तपासणीसाठी घेतले जातात. त्या डावांत हार किंवा बरोबरी होऊन ज्यांचे गुण गेले आणि ज्यांचे गुणांकन कच्चे नव्हते, त्यांना परतावा मिळतो. खेळाडूने गाठलेले सर्वोच्च गुणांकन आणि त्या डावानंतर झालेली त्याची प्रगती पाहून परताव्याला कात्री लावली जाते. कोणत्याही स्थितीत तो १५० गुणांपेक्षा अधिक नसतो.

या नियमाचा व्यावहारिक अर्थ समजून घेण्यासारखा आहे. फसवणूक करणारा सोमवारी जिंकला आणि पुढच्या सोमवारी पकडला गेला, तर पहिल्या सोमवारी हरलेल्याला काही मिळत नाही. त्याने पाच दिवसांत ६० गुणांकित डाव खेळले असतील, तर आरंभीचे २० डाव मोजणीबाहेर राहतात. वर पाहिल्याप्रमाणे सर्वाधिक गुण गमावणारे खेळाडू नेमके या आरंभीच्या डावांत असू शकतात. नुकतेच खाते उघडलेल्या मुलालाही परतावा नाही, कारण त्याचे गुणांकन कच्चे असते. त्याच्या बाबतीत दिलासा एवढाच, की कच्चा आकडा पुढच्या काही डावांत आपोआप योग्य जागी येतो.

२००७ मध्ये सुरू झालेले ‘चेस डॉट कॉम’ हे सर्वांत मोठे व्यापारी संकेतस्थळही अशी परतफेड करते. अलीकडच्या एखाद्या प्रतिस्पर्ध्याने नियमभंग केल्याचे आढळले असून त्यामुळे आपल्या गुणांकनात अमुक इतक्या गुणांची दुरुस्ती केली आहे, असा संदेश खेळाडूला मिळतो. दोन्हीकडे त्यासाठी वेगळा अर्ज करण्याची गरज नसते.

पूर्ण परतावा का नाही?

गेलेले सर्व गुण जसेच्या तसे परत देण्यात कोणती अडचण आहे, असा प्रश्न साहजिकच पडतो. तिचे उत्तर असे, की गुणांकन व्यवस्था स्वतःच झालेली चूक भरून काढत असते.

समजा, एका खेळाडूची खरी ताकद १६०० ची आहे, परंतु फसवणुकीमुळे त्याचा आकडा १५५० वर आला. आता त्याला १५५० च्या आसपासचे प्रतिस्पर्धी मिळतील आणि त्यांच्याविरुद्ध तो निम्म्याहून अधिक, म्हणजे सुमारे ५७ टक्के गुण मिळवील. एका डावात २० गुण पणाला लागत असतील, तर त्याचा आकडा आरंभी प्रत्येक डावामागे सरासरी दीड गुणाच्या आसपास वाढेल. अंतर कमी होईल तसा हा वेग मंदावेल, तरी तीसेक डावांत निम्म्याहून अधिक तूट भरून निघेल. त्यानंतर त्याला पूर्ण ५० गुण परत दिले, तर एकच नुकसान दोनदा भरून दिल्यासारखे होईल आणि त्याचा आकडा खऱ्या ताकदीच्या वर जाईल. पुढे त्याला हरविणारे त्या फुगलेल्या आकड्यातून जादा गुण नेतील आणि फुगवटा पसरत राहील. म्हणूनच मधल्या काळातील प्रगती वजा केली जाते.

याच कारणाने जुने डाव मोजणीत धरले जात नाहीत. नियमित खेळणाऱ्याची तूट काही आठवड्यांत बरीचशी भरलेली असते. क्वचित खेळणाऱ्याच्या बाबतीत मात्र हा युक्तिवाद तोकडा पडतो. परीक्षेच्या दिवसांत आठवड्याला दोनच डाव खेळणाऱ्या विद्यार्थ्याला तीस डाव पूर्ण करायला सुमारे साडेतीन महिने लागतील. नियम सर्वांसाठी सारखा असला, तरी त्याचा भार सर्वांवर सारखा पडत नाही.

गुणांकनात सरसकट दुरुस्ती करण्याचे उदाहरण पटावरील बुद्धिबळातही आहे. तेथे आकडे खाली घसरण्याची कारणे वेगळी होती, तरी उपाय याच प्रकारचा होता. ‘फिडे’ने १ मार्च २०२४ पासून किमान गुणांकन १००० वरून १४०० वर नेले आणि २००० पेक्षा कमी गुणांकन असलेल्या खेळाडूंना एकदाच वाढ दिली. २००० पर्यंतच्या अंतराच्या ४० टक्के गुण प्रत्येकाच्या खात्यात मिळविण्यात आले. त्यामुळे १५०० चा खेळाडू १७०० वर पोहोचला. या दोन्ही आकड्यांची गल्लत मात्र करू नये. मोबाइलवरील गुणांकन त्या त्या संकेतस्थळापुरते असते. ‘फिडे’चे गुणांकन आणि किताब यांच्याशी त्याचा संबंध नसतो.

जे परत येत नाही

गुणांची भरपाई करता येते; निकालाची भरपाई त्याहून कठीण असते. २०२० हे वर्ष त्याची तीन निरनिराळी उदाहरणे देऊन गेले.

त्या वर्षी साथीमुळे जागतिक ऑलिम्पियाड प्रथमच ऑनलाइन झाले. नाशिकचा विदित गुजराथी भारताचा कर्णधार होता. उपउपान्त्य फेरीत भारताविरुद्धच्या एका डावात अर्मेनियाच्या खेळाडूचा संपर्क तुटला. अर्मेनियाचे अपील फेटाळले गेले आणि तो संघ निषेध म्हणून बाहेर पडला. ३० ऑगस्टला रशियाविरुद्धच्या अंतिम लढतीत इंटरनेटमधील व्यापक बिघाडामुळे नागपूरची दिव्या देशमुख आणि निहाल सरिन यांचा संपर्क तुटला व दोघांनी वेळेवर डाव गमावले. भारताच्या अपिलानंतर ‘फिडे’चे अध्यक्ष अर्कादी द्वोर्कोविच यांनी दोन्ही संघांना संयुक्त सुवर्णपदक जाहीर केले. येथे फसवणूक कोणीच केली नव्हती. परंतु स्वतःचा दोष नसताना गमावलेले परत कसे द्यायचे, हा प्रश्न तोच होता आणि एकाच स्पर्धेत त्याला दोन उत्तरे मिळाली.

तिसरे उदाहरण ‘प्रो चेस लीग’चे. त्या वर्षी अंतिम लढत जिंकलेल्या ‘अर्मेनिया ईगल्स’ संघाला फसवणुकीच्या कारणावरून अपात्र ठरविण्यात आले आणि ‘सेंट लुई आर्च बिशप्स’ला विजेतेपद देण्यात आले. विजेतेपद कागदोपत्री मिळाले. पण जिंकल्याच्या क्षणीचा आनंद त्या खेळाडूंना नंतर देणे कोणालाच शक्य नव्हते.

पुढच्या वर्षी, जून २०२१ मध्ये, करोनाग्रस्तांच्या मदतीसाठी विश्वनाथन आनंदने नामवंतांशी ऑनलाइन डाव खेळले. उद्योजक निखिल कामत यांनी आनंदविरुद्धच्या डावात संगणकाची आणि जाणकारांची मदत घेतल्याची कबुली दिली. त्यांचे खाते बंद झाले. परंतु तो डाव गुणांकित नव्हता आणि आनंदलाही प्रकरण वाढवायचे नव्हते, म्हणून ते पुन्हा सुरू करण्यात आले. गुण पणाला नसल्याने परत देण्यासारखे काही नव्हते. तरीही देशभर चर्चा झाली, याचा अर्थ खेळात आकड्याखेरीज आणखी काही गमावले जाते, हे सर्वांनाच जाणवले होते.

खेळाडूने काय करावे?

संशय आल्यास त्या डावाच्या पानावरून संकेतस्थळाकडे त्वरित तक्रार नोंदवावी. परतफेडीची मुदत फसवणुकीची खूण होण्याच्या दिवसापासून मागे मोजली जात असल्याने तक्रारीतील दिरंगाई हरलेल्यांनाच महाग पडते. तक्रार करण्यापूर्वी आपला डाव इंजिनाच्या साहाय्याने तपासून पाहावा. पुष्कळदा प्रतिस्पर्ध्याची करामत नसून आपलीच विसाव्या चालीतील चूक कारणीभूत असल्याचे दिसून येते.

प्रतिस्पर्ध्यावर जाहीर आरोप मात्र करू नयेत. सप्टेंबर २०२२ मध्ये जगज्जेता मॅग्नस कार्लसन हान्स नीमन या तरुण अमेरिकी खेळाडूकडून हरल्यानंतर अमेरिकेतील स्पर्धा सोडून गेला आणि जगभर संशयाचे वादळ उठले. नीमनने पूर्वी ऑनलाइन डावांत फसवणूक केल्याचे मान्य केले होते, परंतु पटावरील त्या डावात फसवणूक झाल्याचे सिद्ध झाले नाही. पुढे डिसेंबर २०२३ मध्ये सबळ कारणाविना स्पर्धा सोडल्याबद्दल कार्लसनला १० हजार युरोंचा दंड झाला. जगज्जेत्याच्या संशयालाही पुराव्याची अट चुकली नाही.

पालकांनीही एक गोष्ट ध्यानात ठेवावी. मुलाच्या डावात मागे उभे राहून चाल सुचविणे, मोठ्या भावाने त्याच्या खात्यावरून दोन डाव खेळून देणे किंवा ‘फक्त एकदा’ इंजिन पाहणे, हेही नियमभंगच होत. अशा मदतीने वाढलेले गुण कोणातरी प्रामाणिक मुलाच्या खात्यातून आलेले असतात.

खरी हानी गुणांची नसून विश्वासाची असते. दोन-तीनदा फसविला गेलेला मुलगा प्रत्येक चांगल्या चालीकडे संशयाने पाहू लागतो, स्वतःच्या चुका शोधणे सोडून देतो आणि त्याची प्रगती खुंटते. त्याला ‘आठ गुण परत केले’ असा संदेश येतो, तेव्हा त्या आठ गुणांचे मोल फारसे नसते. आपण हरलो तो डाव बरोबरीचा नव्हता, हे कोणीतरी पाहिले आणि मान्य केले, ही नोंद मोलाची असते. जेऊरसारख्या गावात एकट्याने खेळणाऱ्या मुलाला पुन्हा पटासमोर बसण्यासाठी बहुधा तेवढा आधार पुरेसा ठरतो.